डाव्या कानातला गिटारवादक: याद्या करणाऱ्यांना खुलं पत्र

महान गिटारवादकांच्या याद्या करणारे सर्व संपादक, परीक्षक आणि निवड समित्यांचे सदस्य यांना,

स. न. वि. वि.

एका संध्याकाळी माझ्या हेडफोनचा उजवा कान बंद पडला. आत कुठेतरी वायर तुटली होती. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा १९७८ सालचा लाइव्ह अल्बम चालू होता, बहुतांशी ग्लासगोच्या अपोलो थिएटरमध्ये मुद्रित झालेला. मधेच थांबवणं जिवावर आलं म्हणून डाव्या कानानेच ऐकत राहिलो. हा अल्बम मी इतक्या वेळा ऐकला होता की पुढचा घाव कधी पडणार ते मान आधीच सांगायची. त्या संध्याकाळी बँडचा सोलो वाजवणारा गिटारवादक अँगस यंग याची गिटार जवळजवळ नाहीशी झाली होती. तरी गाणं लंगडं पडलं नाही. ते तसंच जोरात, तसंच उड्या मारत चाललं होतं, आणि ते कशाच्या बळावर चालतं हे मला पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं.

तो माल्कम यंग होता. या बँडच्या बऱ्याचशा ध्वनिमुद्रणांत माल्कमची गिटार डावीकडे असते आणि अँगसची उजवीकडे. कित्येक वर्षं मी ज्या वाजवण्यासाठी अँगसला मनोमन सलाम करत होतो, त्यातलं किती तरी त्याच्या थोरल्या भावाचं होतं. ही माझ्या कानाची चूक होती. पण हीच चूक तुमच्या याद्यांमध्येही वर्षानुवर्षं होत आली आहे, आणि तुमच्या याद्या वाचूनच नवीन मुलं काय ऐकायचं ते ठरवतात. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अँगसला खाली उतरवा असं आम्हा चाहत्यांपैकी कुणीच म्हणणार नाही. शाळेचा गणवेश घालून, एसजी गिटार गळ्यात अडकवून, एका पायावर उड्या मारत रंगमंचभर फिरणारा आणि मग जमिनीवर पाठ टेकून गोल गोल फिरत सोलो वाजवणारा तो माणूस आम्हाला जिवापाड आवडतो. गणवेशाची कल्पना त्यांच्या बहिणीची, मार्गारेटची. अँगसच्या सोलोत ब्लूजचं सगळं शहाणपण आहे, आणि तो स्वर असा थरथरवतो की दोन सेकंदांत ओळखू येतो. तुमच्या यादीत त्याला मिळालेली प्रत्येक जागा त्याने कमावलेली आहे. प्रश्न एवढाच आहे की तो ज्या जमिनीवर लोळतो ती जमीन कोण घालतं, हे तुम्ही विचारत नाही.

माल्कमचा जन्म ६ जानेवारी १९५३ चा, ग्लासगोचा. आठ भावंडांतला तो सातवा, अँगस शेवटचा. १९६३ मध्ये हे कुटुंब स्कॉटलंड सोडून ऑस्ट्रेलियात सिडनीला आलं. त्यांचा मोठा भाऊ जॉर्ज तिथे ईझीबीट्स या बँडमध्ये गेला आणि ऑस्ट्रेलियाभर गाजला. म्हणजे घरात यश कसं येतं आणि कसं निघून जातं, हे दोन्ही या पोरांनी जवळून पाहिलं. माल्कमने काही काळ एका कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं काम केलं. नंतर बँडला नाव मिळालं तेही घरच्या शिवणयंत्रावर लिहिलेल्या दोन अक्षरजोड्यांवरून, हा योगायोग मला फार आवडतो. १९७३ च्या अखेरीस बँड उभा केला तो माल्कमने. अँगस तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि भावाच्या बँडमध्ये आला होता. ३१ डिसेंबर १९७३ च्या रात्री सिडनीच्या चेकर्स क्लबमध्ये ते पहिल्यांदा एसी/डीसी या नावाने उभे राहिले.

सुरुवातीच्या काही गाण्यांत माल्कमही सोलो वाजवतो. ऐकून पाहा, त्याला ते येत होतं. मग त्याने ते सोडलं आणि सगळे सोलो धाकट्याच्या हवाली केले. बँड स्वतः काढणारा, त्याची दिशा स्वतः ठरवणारा, गाण्यांच्या श्रेयात आपलं नाव असणारा एक तरुण ठरवतो की टाळ्या ज्या जागी पडतात ती जागा भावाची आणि आपण मागे अ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राच्या, शेजारी उभं राहायचं. पुढची पस्तीस वर्षं तो तिथेच उभा राहिला. कोरस आला की चार पावलं पुढे माइकपाशी यायचं, आपल्या ओळी म्हणायच्या, चार पावलं मागे जायचं. या माणसाची उंची जेमतेम सव्वापाच फूट. मागच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे तो दिसायचाही नाही. तुमच्या नजरेतून तो सुटला याचं आश्चर्य नाही, पण परीक्षकाने डोळ्यांनी ऐकू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

आता त्याच्या गिटारबद्दल बोलू या, कारण तिच्यात त्याचा स्वभाव सगळा दिसतो. ग्रेच कंपनीची १९६३ ची जेट फायरबर्ड, ईझीबीट्सच्या हॅरी वांडाकडून त्याला मिळालेली. या मॉडेलचा रंग लालभडक असतो. माल्कमने तो खरवडून काढला आणि खालचं लाकूड उघडं केलं. तारांचा आवाज टिपणारे पिकअपही काढून टाकले, ठेवला फक्त ब्रिजजवळचा एक. जिथून पिकअप काढला तिथली रिकामी खाच फोटोंत स्पष्ट दिसते. वाद्याला जेवढं लागतं तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं दिसायला कितीही देखणं असलं तरी उपटून फेकायचं. चाहते आणि वाजवणारे या गिटारला ‘द बीस्ट’ म्हणतात.

तारा तो जाड लावायचा, ०.०१२ पासून ०.०५६ इंचापर्यंत, आणि तिसरी तारसुद्धा वेढ्याची. रॉक वाजवणारे बहुतेक जण तिसरी तार साधी लावतात, कारण ती खेचायला सोपी जाते. माल्कमला तारा खेचायच्याच नव्हत्या. त्याला हवी होती जोरात मारल्यावरही सुरातून न ढळणारी, खणखणीत कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेल्या अनेक सुरांचा मेळ. अ‍ॅम्प मार्शलचा, शंभर वॉटचा, मुळात बेस गिटारसाठी केलेला सुपर बेस. आणि इथे ती गोष्ट येते जी कळल्यावर हार्ड रॉककडे बघण्याची माझी नजरच बदलली: तो आवाज फार कमी फाडायचा.

हार्ड रॉक म्हणजे डिस्टॉर्शन, अशी आपली सर्वांची समजूत असते. डिस्टॉर्शन वाढवत नेलं की गिटार मोठी वाटते खरी, पण हलका आणि जोरकस घाव एकाच पातळीवर येतात आणि कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जातात. माल्कमच्या कॉर्डमध्ये प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. तो बहुतेक वेळा मोकळ्या कॉर्ड वाजवतो, ई, ए, डी, जी, गिटार शिकणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात कळतात त्या. त्यातल्या मोकळ्या तारा पूर्ण लांबीने वाजतात. ताकद येते ती उजव्या मनगटातून. अ‍ॅम्प फारशी मदत करत नसल्यामुळे लपायला जागाच नाही. घाव किंचित उशिरा पडला तर तो उशिरा पडलेला ऐकू येतो. लाइव्ह मुद्रणांमध्ये असा घाव मी बरीच वर्षं शोधतो आहे. माझी झोळी जवळजवळ रिकामीच आहे.

आणि शांतता. १९८० च्या त्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमचं शीर्षकगीत, ‘बॅक इन ब्लॅक’, याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची मुख्य चाल, मुळात तीन कॉर्ड, ई, डी आणि ए. जगभरातली मुलं तो पहिल्या सहा महिन्यांत वाजवायला शिकतात आणि मग पुढची साठ वर्षं तो त्यांना नीट जमत नाही. कारण रिफ त्या तीन घावांत जितका आहे तितकाच त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. घाव पडतो, हात तारांवर येतो, आवाज कापल्यासारखा थांबतो, त्या पोकळीत ड्रमर फिल रडचा हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, टिकटिकत राहतो, आणि मग पुढचा घाव. ती पोकळी एका केसाने लहान झाली तरी गाणं धावायला लागतं, मोठी झाली तर बसतं. भरपूर डिस्टॉर्शन असलेल्या गिटारला अशी शांतता पाळताच येत नाही, ती मधल्या वेळेत गुरगुरत राहते. आवाज कमी फाडण्याचं मोल इथे कळतं. हा रिफ ‘हायवे टू हेल’ या आधीच्या अल्बमच्या दौऱ्यात माल्कम हात गरम करण्यासाठी वाजवायचा.

‘बॅक इन ब्लॅक’ अल्बमची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण तुमच्या लिखाणात ती नेहमी गायकांची गोष्ट म्हणून येते. १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये बँडचा गायक बॉन स्कॉट गेला. बँड संपला असंच सगळ्यांना वाटलं. अंत्यसंस्कारानंतर काही दिवसांतच माल्कमने अँगसला फोन केला, की नुसतं बसून राहण्यापेक्षा आपण वाजवत बसू. दोघे भाऊ दार लावून गिटार घेऊन बसले. मग नवा गायक ब्रायन जॉन्सन आला, बहामातल्या नासाऊला कंपास पॉइंट स्टुडिओत निर्माता मट लँगच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झालं, आणि २५ जुलैला, म्हणजे बॉन जाऊन पाच महिने आणि काही दिवस झाले असताना, अल्बम बाहेर आला. एकट्या अमेरिकेत २०१९ साली त्याला अडीच कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. हे आकडे मला तितके महत्त्वाचे वाटत नाहीत. मला महत्त्वाचा वाटतो तो फोन. मित्र गेल्यावर काय करायचं हे ज्याला सुचत नव्हतं, त्याने हाताला जे येत होतं ते केलं. म्हणून त्या रिफमध्ये रडगाणं नाही, तो ताठ मानेने चालतो.

ठेका धरणाऱ्याला आपण ‘साथीला होता’ असं म्हणतो आणि पुढे जातो. गिटारच्या जगात हेच चालतं: एक लीड, म्हणजे सोलो वाजवणारा, एक रिदम, म्हणजे ठेका धरणारा, आणि यादीत फक्त लीड. एसी/डीसीच्या बाबतीत ही विभागणी लागूच पडत नाही, कारण लोक जे गुणगुणतात, मैदानात पन्नास हजार गळे जे ओरडतात, ते सोलो नसतात, रिफ असतात. अँगसही सोलो सोडून बाकीचा सगळा वेळ रिदमच वाजवत असतो. दोन गिटार एकच रिफ घेऊन चालतात, पण तंतोतंत सारखा नाही. एक कॉर्ड जरा वरच्या जागी धरतो, दुसरा खाली, एक घाव गाळतो, दुसरा तो भरतो. दोन्ही कान लावून ऐकलं की एकच अवाढव्य गिटार वाटते. ही किमया दोन भावांची आहे आणि अर्धी कापून ती यादीत मावत नाही.

मेलबर्न शहराने २००४ मध्ये आपल्या एका बोळाला या बँडचं नाव दिलं. पण रस्त्यांच्या नावात तिरकी रेघ चालत नाही असा नियम, म्हणून पाटीवर नुसतं ‘एसीडीसी लेन’ लिहिलं गेलं, बँडच्या नावातली विजेच्या आकाराची रेघ गळाली. नियम करणाऱ्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांच्या रकान्यात ती रेघ बसत नव्हती इतकंच. तुमच्या ‘एक क्रमांक, एक नाव’ या रकान्याचं मला तसंच वाटतं. तो रकाना तुम्ही केला आहे. तो बदलणंही तुमच्याच हातात आहे.

१९८८ मध्ये दारू सोडण्यासाठी माल्कम दौऱ्यातून बाजूला झाला होता. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग उभा राहिला. तो दिसायला इतका सारखा, की पाहणाऱ्या कित्येकांना बदल कळलाही नाही. काही जण हे सांगून म्हणतात, बघा, म्हणजे त्या जागी कुणीही चाललं असतं. मला यातून नेमकं उलट दिसतं. स्टीव्ही त्याच घरातला, तेच ऐकत वाढलेला, त्याच पद्धतीने तारा छेडणारा. ती जागा इतकी अवघड होती की भरायला यंगच लागला. माल्कम बरा होऊन परत आला आणि त्यानंतर दोन दशकं वाजवत राहिला.

यापुढचं लिहिताना माझा हात जड होतो.

२००८ मध्ये ‘ब्लॅक आइस’ या अल्बमचा दौरा सुरू झाला तेव्हा माल्कमची स्मृती जायला लागली होती. स्वतः बांधलेले रिफ, पस्तीस वर्षं रोज वाजवलेले, त्याला कार्यक्रमाआधी पुन्हा शिकावे लागत होते. हे अँगसने पुढे, २०१४ मध्ये माल्कम स्मृतिभ्रंशामुळे बँडपासून दूर झाला तेव्हा सांगितलं. तोवर आम्हा चाहत्यांना काही कळलं नव्हतं. का कळलं नव्हतं, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. त्या दौऱ्यात डिसेंबर २००९ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर तीन रात्री कार्यक्रम झाले आणि त्यांचं चित्रीकरण आहे. आता सगळं माहीत असताना ते पुन्हा पाहा. गर्दी एका लयीत वरखाली होते आहे, लाटेसारखी. मागे अ‍ॅम्पच्या शेजारी एक करड्या केसांचा लहानखुरा माणूस पाय रोवून, डावा गुडघा हलवत वाजवतो आहे. त्याने ते सगळं त्या दिवशी पुन्हा पाठ केलेलं असेल. ठेका तसूभर हलत नाही. कोरसला तो चार पावलं पुढे येतो, आणि चार पावलं मागे जातो.

तो दौरा २८ जून २०१० ला बिल्बाओत संपला. १८ नोव्हेंबर २०१७ ला सिडनीत माल्कम गेला, चौसष्ट वर्षांचा होता. महिनाही झाला नव्हता, २२ ऑक्टोबरला जॉर्ज गेला होता. २०२० मध्ये बँडने ‘पॉवर अप’ काढला तो माल्कमला वाहिलेला, दोन भावांनी आधी मिळून रचून ठेवलेल्या कल्पनांवर बेतलेला. त्यात डावीकडे स्टीव्ही वाजवतो. मी तो अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा सवयीने उजवा कान काढून ठेवला आणि ऐकत बसलो.

मागणी फार मोठी नाही. माल्कमला अमुक क्रमांक द्या असं मी म्हणणार नाही, आवडीचे क्रमांक लावण्याची मला फारशी गोडीही नाही. पण अँगसचं नाव लिहाल तेव्हा शेजारी माल्कमचं नाव त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा, कंसात किंवा ‘आणि त्याचा भाऊ’ म्हणून नको. ज्यांनी कधी सोलो वाजवला नाही अशांना वगळताना, त्यांच्यावाचून ते गाणं उभं राहिलं असतं का, एवढं स्वतःला विचारा. आणि वादकाचं मोजमाप करताना तो एका सेकंदात किती सूर काढतो हे मोजता, तसं तो दोन सुरांमध्ये किती थांबतो हेही मोजा. ते मोजायला अवघड आहे, मान्य. पण तुम्ही परीक्षक आहात, आणि आम्ही तुमचं लिहिलेलं मनापासून वाचतो.

नव्याने गिटार हातात घेतलेल्या कुणा मुलाने तुमच्या यादीत माल्कमचं नाव पाहिलं, तर कदाचित तो पहिल्या वर्षी वेगामागे धावण्याऐवजी ई कॉर्ड स्वच्छ मारायला आणि वेळेवर थांबवायला शिकेल. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तुटलेल्या वायरीने सांगितलं. फार उशिरा सांगितलं.

पुढची यादी करायला बसाल त्या दिवशी ग्लासगोचा तो अल्बम लावा. शहर माल्कमच्या जन्माचं, रात्र ३० एप्रिल १९७८ ची, आणि तो पंचवीस वर्षांचा. हेडफोनचा उजवा कान काढून बाजूला ठेवा. पहिल्या गाण्यात गर्दीच्या आवाजावर तो पहिला घाव पडेल, तिथून पुढे काही लिहू नका, फक्त ऐका.

कळावे,

आपला,
डावीकडून ऐकणारा एक चाहता